पाळण्यापासून अंगणापर्यंत

मराठवाड्यात एक उक्ती अजूनही वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे : ‘जालना, सोने का पालना’. कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसलेल्या या नगरीचे व्यापारी वैभव लोकांनी एका पाळण्यात साठवून ठेवले. १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग येथून गेला आणि कापूस-धान्याच्या या पेठेला दूरदूरच्या बाजारपेठा जवळ आल्या. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची महिको ही कंपनी उभी केली होती. त्यांच्या कार्याला १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार लाभला. आज बियाणे आणि लोखंडी सळया या दोन वस्तूंमुळे जालन्याचे नाव देशभर पोहोचले आहे. एक वस्तू मातीत उगवते, दुसरी भट्टीत घडते. दोन्हींच्या मागे येथील माणसांची उद्यमशीलता उभी आहे.

पाळणा ही उपमा सुंदर आहे. पण मुलाच्या आयुष्यात पाळण्याचा काळ अल्प असतो. वर्ष-दीड वर्षात मूल पाळण्याबाहेर येते, रांगत उंबऱ्याशी जाते आणि एके दिवशी उंबरा ओलांडून अंगणात उतरते. पाळण्यात मूल एकटे असते. अंगणात ते प्रथमच समाजात येते. तेथे दुसरे मूल असते, दुसऱ्याचे खेळणे असते, आपली पाळी येईपर्यंत थांबणे असते, पडणे असते आणि पुन्हा उठणे असते. ज्या बालकाचे पाय किंवा हात त्याच्या इच्छेप्रमाणे चालत नाहीत, त्याच्यासाठी पाळण्यापासून अंगणापर्यंतचे हे दहा-बारा पावलांचे अंतर जिल्ह्यातील सर्वांत लांबचा प्रवास ठरते. जालना जिल्ह्यातून फिरताना शेते, देवस्थाने आणि पेठा पाहाव्यातच. या वेळी त्यांच्या सोबतीने हे छोटे अंतरही मोजून पाहण्यासारखे आहे.

तलावाकाठची संध्याकाळ

जालना शहरात मोती तलाव आणि त्यालगतची मोती बाग ही संध्याकाळी मोकळी हवा घेण्याची जुनी ठिकाणे आहेत. दिवसभराचा उकाडा उतरू लागला की पाण्यावरून येणारा वारा सुखावतो. अशी संध्याकाळ महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या बागेत थोड्याफार फरकाने सारखीच असते. आजी-आजोबा बाकावर टेकतात, आया डबे उघडतात आणि मुले घसरगुंडीकडे धावतात.

या बागांतील नेहमीची खेळणी जरा निरखून पाहावीत. घसरगुंडीवर जायला उभी लोखंडी शिडी. झोक्याला पाठ नसलेली फळी. सी-सॉवर तोल सांभाळत बसायचे. खेळण्यांभोवती उंच कठडा आणि आत शिरायला पायऱ्या. प्रत्येक खेळण्याने एका विशिष्ट शरीराची कल्पना आधीच केलेली असते : दोन्ही पायांवर उभे राहणारे, दोन्ही हातांनी घट्ट धरणारे, पाठ ताठ ठेवू शकणारे शरीर. जे बालक या कल्पनेत बसत नाही, ते आजीच्या मांडीवर बसते. त्याला कोणी हाकललेले नसते, कोणी अपमान केलेला नसतो. त्याचा विचारच झालेला नसतो.

असे बालक खेळ पाहण्यात तरबेज होते. कोण किती वेळा घसरले, कोणी पाळी मोडली, कोण रडले, सारे त्याला ठाऊक असते. मोठ्यांना वाटते, ‘बघून रमतो बिचारा’. परंतु तीन ते सहा वर्षांच्या वयात पाहणे आणि खेळणे यांत फार अंतर असते. भांडण मिटवण्याची भाषा भांडणातून येते, धीर पडण्यातून येतो, मैत्री धक्काबुक्कीतून येते. केवळ पाहणारे मूल एकच धडा गिरवते : खेळ इतरांचा असतो. हा धडा एकदा पक्का झाला की पुढे शाळेत चाकाची खुर्ची मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, तरी तो पुसणे अवघड जाते.

आजची बालके कोण?

मागील पिढीच्या मनात पायाने अधू मूल म्हटले की पोलिओचे चित्र उभे राहते. ते चित्र आता बदलले आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आज अंगणवाडीच्या वयात असलेल्या एकाही मुलाने त्या साथीचे दिवस पाहिलेले नाहीत. या वयातील शारीरिक दिव्यांगतेची कारणे आता प्रामुख्याने वेगळी आहेत. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने येणारी सेरेब्रल पाल्सी, जन्मतः आत वळलेली पावले म्हणजे क्लबफूट, मणक्यातील जन्मजात दोष, खुब्याच्या सांध्याचा दोष, स्नायूंचे दुबळेपण अशी ती आहेत.

हा फरक खेळाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येकाची गरज निराळी. क्लबफूटवर आज पोन्सेटी पद्धतीने उपचार होतो. दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ केले जाते. बहुधा टाचेजवळची शीर किंचित सैल करण्याची छोटी शस्त्रक्रिया होते. मग दोन बूट एका पट्टीने जोडलेले साधन आरंभी तीन महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालावे लागते. म्हणजे उपचार नीट चाललेले तीन वर्षांचे मूल रात्री पट्टी बांधून झोपते आणि दिवसा इतरांप्रमाणे पळू शकते. त्याला ‘अधू’ समजून बसवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होय. सेरेब्रल पाल्सीच्या बालकाचे स्नायू ताठर किंवा सैल असतात. त्याला पाठीला आधार आणि प्रतिसादाला थोडा अधिक वेळ लागतो. मणक्याचा दोष असलेल्या मुलाच्या पायांत कधी संवेदनाच कमी असते. उन्हात तापलेल्या घसरगुंडीवर त्याची कातडी भाजली तरी त्याला कळत नाही, म्हणून पत्र्यावर आधी मोठ्यांनी हात टेकवून पाहायचा असतो.

ही बालके वेळीच ओळखली जावीत यासाठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला. त्यानुसार फिरते आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते आणि जन्मजात दोष किंवा विकासातील विलंब आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धतीही जाहीर केली. लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला व कुटुंबाला अंगणवाडीच्या उपक्रमांत सामावून घेणे आणि आशा व आरोग्य पथकांमार्फत योग्य ठिकाणी पाठवणे, अशी तिची तीन पावले आहेत. पहिले आणि तिसरे पाऊल वैद्यकाचे आहे. मधले पाऊल मात्र अंगणातले आहे, आणि ते गावालाच उचलायचे आहे.

काळी माती, तांबूस मुरूम

शहर मागे टाकून अंबडच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबीच्या बागा दिसू लागतात. ही काळी, कसदार जमीन जिल्ह्याचे अन्न आहे. पण चाकाच्या खुर्चीची ती वैरीण आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा चिकटतो की चाक फिरेनासे होते; उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि छोटे पुढचे चाक भेगेत अडकते. कुबड्यांचे टोक ओल्या मातीत रुतते. परदेशी पुस्तकांत पाहून आणलेले खेळणे या मातीत उभे करून भागत नाही. प्रश्न खेळण्याच्या आधी वाटेचा असतो.

त्याचे उत्तर मात्र गावातच असते. शेतात जाणाऱ्या गाडीवाटेवर शेतकरी मुरूम टाकतो, पाणी मारतो आणि तो दाबून घेतो. तसाच दाबलेला मुरूम अंगणवाडीच्या फाटकापासून खेळाच्या जागेपर्यंत चार फूट रुंद टाकला, पाणी साचणार नाही असा हलका उतार दिला, तर बहुतेक वर्षभर चाके चालू शकतात. उंबऱ्याशी उतरण करायची तर गणित सोपे आहे : प्रत्येक एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फुटांची उतरण लागते. जागा कमी म्हणून सहा फुटांतच ती चढवली तर ती घसरगुंडी होते, वाट राहत नाही. कडेला हाताशी येणारा कठडा हवा. ज्या जिल्ह्यातून देशभर सळया जातात, तेथे त्याला लोखंड कमी पडू नये.

दुसरा विचार उन्हाचा. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मैदानी खेळ सकाळी लवकर किंवा सायंकाळी, आणि खेळाची जागा शक्यतो कडुनिंबाच्या, वडाच्या सावलीत. जे मूल आपणहून सावलीत सरकू शकत नाही, त्याच्यासाठी सावली ही सोय नसून संरक्षण आहे.

अंगणवाडी या शब्दाचा अर्थ

‘अंगणवाडी’ हा शब्द आता इतका शासकीय झाला आहे की त्यातील अंगण कोणाला दिसत नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. वस्तीपासून दूर भरणाऱ्या बालवाडीत दलित घरांतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या आईबापांनाही दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी जन्मली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले गुरे राखायला कुरणात जातात म्हणून शाळाही कुरणात गेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे तिच्या केंद्रांचे ‘अंगणवाडी’ हे नाव घरोघरी पोहोचले.

या इतिहासात दिव्यांग बालकाच्या खेळाचे संपूर्ण सूत्र दडलेले आहे. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत नेता येते. तसेच मूल खेळापर्यंत पोहोचत नसेल तर खेळ मुलापर्यंत नेता येतो. यासाठी मूल बदलण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. उपचार आपल्या गतीने चालू राहतील. खेळ आज, याच सकाळी, सुरू होऊ शकतो.

कच्चे लिंबू

खेळ मुलापर्यंत नेणे म्हणजे काय, हे मराठी खेळांतूनच समजते. ‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळात मुले गोल करून बसतात. एक जण रुमाल घेऊन बाहेरून धावतो आणि कोणाच्या तरी पाठीमागे तो टाकतो. खेळातील बहुतेक मुले बसलेलीच असतात, म्हणजे आधार घेऊन बसणारे बालकही त्या गोलात सहज सामावते. अडचण येते ती धावण्याची. येथे दोन मार्ग असतात. एक, त्या मुलाला धावण्यातून सूट द्यायची. दुसरा, त्या दिवशी सर्वांनीच रांगत किंवा बसून सरकत गोलाभोवती जायचे. पहिल्या मार्गात एकासाठी सवलत असते; दुसऱ्यात सर्वांसाठी नवा नियम असतो. चार वर्षांच्या मुलांना नवा नियम सांगून पाहावा : ती हसत हसत गुडघ्यांवर येतात. नियम बदलण्यात लहान मुलांइतके उदार कोणी नसते.

मराठी अंगणात दुबळ्या किंवा धाकट्या खेळगड्यासाठी एक जुना शब्द आहे : कच्चे लिंबू. कच्च्या लिंबाला खेळात घेतात. पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. या प्रथेत माया आहे. धाकट्या भावंडाला वर्ष-दोन वर्षे त्यामुळे खेळात शिरकाव मिळतो आणि पुढे ते पक्के होते. दिव्यांग बालक मात्र अनेकदा जन्मभर कच्चे लिंबूच राहते. सगळे त्याला जवळ घेतात, त्याच्या हाती चेंडू देतात, टाळ्या वाजवतात. पण तो बाद झाला असे कोणी म्हणत नाही, आणि ‘आता तुझ्यावर राज्य’ असेही कोणी म्हणत नाही. ज्याच्यावर राज्य येते तोच खरा खेळगडी. बाद होण्याचा हक्क हा खेळातील पहिला हक्क आहे, हे मुलांना ठाऊक असते. मोठी माणसे ते विसरतात.

अंगणातील साधनेही फार खर्चाची लागत नाहीत. वाळूचा हौद जमिनीवर असला तर चाकाच्या खुर्चीतील मूल वरून नुसते बघते. तीच वाळू दोन-सव्वादोन फूट उंचीच्या, खाली गुडघे जातील अशा उथळ पेटीत भरली तर उभे असलेले आणि बसलेले मूल समोरासमोर येते, आणि मग बोगदा कोणी पाडला यावरून भांडणही होते. व्यापारी पेढीवरील गादी-तक्क्याची बैठक जालन्याच्या पेठेला परिचित आहे. पेढीवरील गोल लोड आणि भौतिकोपचार केंद्रातील लंबगोल आधार यांचा आकार एकच. उपचारतज्ज्ञाने योग्य स्थिती दाखवून दिली की सेरेब्रल पाल्सीच्या बालकाला लोडावर छाती टेकवून पालथे करता येते. त्याचे हात पुढे मोकळे होतात, मान वर येते, आणि समोर दुसरे मूल चिंचोके मांडून बसले असेल तर व्यायाम कधी झाला ते कळतही नाही. झोक्याला पाठ आणि कमरेचा पट्टा जोडावा. पण एकाच झोक्याला नको, कारण मग तो ‘त्याचा झोका’ होतो आणि बाकीचे दूर राहतात. प्लॅस्टर घातलेल्या मुलाला पाण्यापासून जपायचे असते, म्हणून पाण्याचा खेळ आणि वाळूचा खेळ वेगवेगळ्या दिवशी ठेवावा. भुलाबाईच्या दिवसांत मुली फेर धरतात. त्या फेरात चाकाची खुर्ची ढकलणारी एक मैत्रीण पुरते.

या सर्वांत सेविका आणि मदतनीस यांच्यावर भार पडतो, हे विसरून चालणार नाही. वीस-पंचवीस मुलांत एकाकडे अधिक लक्ष द्यायचे तर आणखी दोन हात हवेत. गावातील निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन मुली, महिला मंडळातील सदस्या यांनी आठवड्यातून एक-दोन सकाळी पाळीपाळीने दिल्या तर हा भार हलका होतो.

खांद्याचे वय आणि बळाची व्याख्या

अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे स्थान आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली मुले दिसतात. खांद्यावरचे मूल साऱ्या गर्दीच्या वर असते. त्याला झेंडे दिसतात, दुकाने दिसतात, दूरची शेते दिसतात. चालू न शकणाऱ्या बालकालाही हा आनंद मिळतो आणि त्या क्षणी कोणाला फरकही जाणवत नाही. पण खांद्याला वय असते. पाच-सहा वर्षांनंतर मुलाचे वजन वाढते, आईची पाठ दुखू लागते, आणि घराबाहेर जाणे हळूहळू कमी होते. प्रथम यात्रा सुटते, मग लग्नकार्य सुटते, मग अंगणही सुटते. म्हणून खांद्यावरचे दिवस संपण्याआधी पायाखालची वाट तयार हवी.

येथून पुढे घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ मध्ये रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. त्यांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली आणि बलोपासनेचा संस्कार महाराष्ट्रावर केला. या गावाच्या मातीत उभे राहिल्यावर बळ म्हणजे काय, हा प्रश्न मनात यावा. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बलोपासना करावी कशी? सेरेब्रल पाल्सीचे बालक मान सावरून, बोटे सैल करून हातातला चेंडू सोडते, तेव्हा त्या एका कृतीसाठी त्याने लावलेला जोर दंड-बैठका काढणाऱ्या पहिलवानाच्या जोरापेक्षा कमी नसतो. बळ दुसऱ्याशी तुलना करून मोजले तर ते बालक नेहमी हरेल. कालच्या स्वतःशी मोजले तर ते रोज जिंकू शकते. त्यासाठी चेंडू झेलणारे समोर कोणी तरी हवे. बळ एकट्याने वाढत नाही.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याच्या पूर्वेकडील टोकाला, नागपूरच्या पारडी भागात, ९०,००० चौरस फुटांच्या जागेवर दिव्यांगांसह सर्वांसाठी ‘अनुभूती’ हे समावेशक उद्यान साकारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. स्पर्शाची व गंधाची बाग, जलोपचार अशा कल्पना त्यात आहेत. बेंगळुरूमध्ये ‘किलिकिली’ या पालकांच्या संस्थेने महापालिकेच्या सहकार्याने कोल्स पार्कसारख्या सार्वजनिक बागांत सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशी व्यवस्था घडवली. तेथे वेगळे मैदान मागण्याऐवजी आहे त्या बागेचेच दार रुंद करण्यावर भर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याहून जुने उदाहरण लंडनचे. उद्यानरचनाकार लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेले कोपनहेगनचे एक मैदान पाहिले होते. तेथे मुले टाकाऊ लाकूड, विटा, दोर यांतून स्वतःच खेळ रचत. १९६६ मध्ये त्यांनी दिव्यांग मुलांच्या साहसी मैदानांसाठी संस्था स्थापन केली आणि १९७० मध्ये चेल्सी भागात असे पहिले मैदान सुरू झाले. दिव्यांग मुलालाही थोडे धाडस, थोडी माती, थोडे खरचटणे हवे असते, हा त्यांचा आग्रह होता. जालन्यातील गावाला कोट्यवधींच्या उद्यानाची वाट पाहण्याचे कारण नाही, हे या उदाहरणातून उमगते. वाळू, पाणी, झाड, दोर आणि लक्ष ठेवणारे प्रेमळ मोठे माणूस, एवढी सामग्री येथे आहेच.

दया आणि सोबत

जालना ही दानशूरांची नगरी आहे. जैन समाजाला तर येथील गुरु गणेश तपोधाम परिचितच आहे. पांजरपोळ आणि गोशाळा यांच्या परंपरेने पांगळ्या, म्हाताऱ्या जनावरांसाठीही आवार राखले. ज्या समाजाने मुक्या जिवासाठी आवार राखले, त्याला बालकासाठी अंगण सपाट करणे मुळीच कठीण नाही. तरीही एक भेद ध्यानात घ्यावा. मुक्या जिवाला आश्रय हवा असतो. बालकाला सवंगडी हवे असतात. आश्रय दयेतून देता येतो, सवंगडी समभावातूनच मिळतात. अनुकंपा हे सम्यक्त्वाचे लक्षण मानले गेले आहे. तिचा अर्थ वरून खाली पाहणे असा कधीच नव्हता, दुसऱ्याच्या कंपाने आपणही कंपित होणे असा आहे. अंगणात ही अनुकंपा मोठ्यांनी गुडघ्यांवर बसून दाखवायची असते.

भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या निमित्ताने १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली. तिच्यामुळे ‘जयपूर फूट’ लाखो लोकांपर्यंत पोहोचला. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या या पायाचे मोठेपण एका साध्या निरीक्षणात आहे : भारतीय माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी ओल्या शेतात उतरतो. परदेशी पाय त्याला बुटाच्या आत कोंडत होता. या दोघांनी पाय माणसाच्या जगण्याप्रमाणे घडवला. बालकाच्या खेळालाही हीच दृष्टी लागू पडते.

त्यामुळे दान देतानाही थोडे थांबून विचार व्हावा. चार नव्या लोखंडी घसरगुंड्यांवर दात्याचे नाव कोरण्यापेक्षा मुरुमाची एक वाट, नियमात बसणारी एक उतरण, सावलीचे एक झाड आणि वाळूची एक उंच पेटी अधिक मुलांना खेळात आणते. उतरणीचा उपयोग पुढे आजोबांच्या काठीलाही होतो, गरोदर सुनेलाही होतो, दळणाची पिशवी आणणाऱ्या मदतनीस बाईलाही होतो.

कायदाही या विचाराच्या पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने क्रीडा व मनोरंजनाची संधी देण्याचे कर्तव्य सोपवले आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही मुलांच्या खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण याच अधिनियमातील मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची वर्षे, ज्यांत मूल स्वतःविषयीचा पहिला ग्रह बांधते, ती कुटुंबाच्या आणि शेजाराच्या स्वाधीन असतात. सहाव्या वर्षी शाळेच्या दारात पोहोचलेले मूल खेळगडी म्हणून येते की प्रेक्षक म्हणून, हे अंगणात आधीच ठरलेले असते.

काम लहान आहे आणि ते कोणत्याही कुटुंबाला आरंभता येईल. सुट्टीच्या दिवशी आपल्या घराचा उंबरा, स्थानकाच्या किंवा मंदिराच्या आवाराची पायरी आणि जवळच्या अंगणवाडीचा ओटा मोजपट्टीने मोजावा. प्रत्येक फुटाला बारा फूट धरून उतरण कोठे बसेल ते पाहावे. गल्लीत असे एखादे बालक असेल तर त्याच्या आईला प्रथम विचारावे की त्याला कसे बसवायचे, कोठे धरायचे आणि कशाची भीती वाटते. आईइतके हे कोणाला ठाऊक नसते. मग आपल्या मुलांना त्याच्या अंगणात पाठवावे, समजूत घालायला नव्हे, खेळायला. ती मुले दोन-चार दिवसांत आपले नियम आपणच ठरवतील, भांडतील, पुन्हा जमतील. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांच्यापैकी कोणी तरी त्या बालकाला स्वाभाविकपणे सांगेल की तू बाद झालास, आता तुझ्यावर राज्य. त्या वेळी मोठ्यांनी मध्ये पडू नये.